४३ तास ११ मिनिटे

शुक्रवार, ३ डिसेंबर २०२१. १७:३२

क्योतो विद्यापीठ, जपान. सूर्य मावळून पाऊण तास होऊन गेला आहे. विद्यापीठाच्या महासंगणकाला जोडलेल्या साठ्यात ‘लार्ज०’ नावाची एक फाइल सिस्टिम आहे. संशोधकांचे गट तिथे आपापल्या डिरेक्टरीत गणितांची फळे ठेवतात.

या मिनिटाला काहीही घडत नाही. कुणी आज्ञा देत नाही, कुठे दिवा लाल होत नाही. तरी पुढे हेच मिनिट सीमारेषा ठरणार आहे. यानंतर ज्या फाइलीत बदल होईल, ती वाचेल. ज्या फाइलीला त्यानंतर कुणी हात लावणार नाही, ती जाईल.

उरलेला वेळ: ११ दिवस.

१९८४. सदतीस वर्षे आधी

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने एनएफएस ही पद्धत तयार केली. एका यंत्रावरची डिस्क दुसऱ्या यंत्राला जाळ्यावरून ‘माउंट’ करता येऊ लागली. ती जोडली की स्वतःचीच वाटते. पुढे अनेक विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत हाच रिवाज रुजला. साठा एकीकडे, वापरणारी यंत्रे शेकड्यांनी दुसरीकडे.

पण फाइल कुणाची? युनिक्स कुळातल्या यंत्रणेत फाइलीवर मालकाचे नाव कोरलेले नसते. तिथे असतात दोन आकडे. एक वापरकर्त्याचा, एक गटाचा. १००१ म्हणजे कोण, हे प्रत्येक यंत्र आपल्या वहीत पाहून सांगते. वह्या जुळत नसतील तर एका यंत्रावरचा १००१ हा एक विद्यार्थी असतो आणि दुसऱ्यावरचा १००१ ही भलतीच व्यक्ती. मग पहिल्याच्या फाइली दुसरीच्या नावावर दिसतात, उघडतात आणि पुसताही येतात. सर्व्हर याला चोरी समजत नाही. त्याच्यापर्यंत आकडाच पोहोचलेला असतो, आणि आकडा बरोबर असतो.

एनएफएसच्या जुन्या आणि आजही सर्रास वापरात असलेल्या रीतीत आकडा कोण सांगतो? मागणी करणारे यंत्र स्वतः. सर्व्हर विश्वास ठेवतो. पुढे आलेल्या चौथ्या आवृत्तीत आकड्याऐवजी नाव पाठवून दोन्हीकडच्या वह्या जुळवण्याची सोय झाली, केर्बेरॉससारखी ओळखपडताळणीही जोडता आली. तरी अनेक ठिकाणी आकड्यांवरचा विश्वास तसाच राहिला, कारण तो सोपा होता.

एक आकडा सगळ्यांहून वेगळा आहे. शून्य. तो रूटचा, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा. रूटला परवानगी विचारली जात नाही. म्हणून लिनक्सवरच्या एनएफएसमध्ये दूरच्या यंत्रावरून आलेल्या शून्याला मुळातच ‘नोबडी’ करून टाकतात, म्हणजे ज्याचे काहीच नाही असा वापरकर्ता. याला ‘रूट स्क्वॉश’ म्हणतात. महासंगणकांवर जास्त दिसणाऱ्या लस्टर या फाइल सिस्टिममध्येही ही सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. आणि अनेक ठिकाणी एका यंत्राला यातून सवलत दिली जाते: बॅकअप घेणाऱ्या यंत्राला. सगळ्या गटांच्या फाइली वाचायच्या तर सगळ्या गटांच्या वरची ओळख हवी.

त्या सवलतीत धोका आहे हे व्यवस्थापकाला माहीत असते. सवलत दिली जाते, कारण बॅकअप नसणे हा त्याहून मोठा धोका मानला जातो.

जानेवारी २०१५. सहा वर्षे अकरा महिने आधी

खेळांचे दुकान असलेल्या स्टीम या प्रणालीच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती. एका व्हेरिएबलमध्ये डिरेक्टरीचा पत्ता ठेवायचा, आणि त्या पत्त्याखालचे सगळे पुसायचे. एका वापरकर्त्याच्या यंत्रावर ते व्हेरिएबल रिकामे राहिले. पत्ता रिकामा झाल्यावर उरली फक्त तिरकी रेघ, म्हणजे यंत्राचे मूळ. त्याच्या होम डिरेक्टरीतल्या फाइली गेल्या. बॅकअपसाठी जोडून ठेवलेली ३ टेराबाइटची बाहेरची डिस्कही गेली, कारण ती माउंट केलेली होती. माउंट केलेले ते सगळे एकाच झाडाच्या फांद्या.

त्या ओळीच्या वर प्रोग्रामरने स्वतःच भीती व्यक्त करणारी एका शब्दाची टीप लिहून ठेवली होती. ओळ तशीच राहिली होती.

ही बातमी तेव्हा जगभरच्या यंत्रव्यवस्थापकांत फिरली. रिकाम्या व्हेरिएबलने पुसापुशी होते, हे २०१५ नंतर कुणाला नव्याने सांगावे लागत नव्हते. व्हेरिएबल मुळात ठरवलेलेच नसेल, तर बॅश या शेलमध्ये त्यावर एका ओळीचा उपाय आहे. स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -यू’ लिहिले की न ठरवलेले व्हेरिएबल भेटताच स्क्रिप्ट थांबते. लिहिले नाही, तर बॅश त्या जागी काहीच नाही असे मानून पुढे जातो.

२०१६ ते २०१९

क्योतोत क्रे कंपनीची नवी यंत्रणा २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यातला मोठा भाग ‘कॅम्फर २’, क्रे एक्ससी४० जातीचा, १,८०० नोडचा. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये आलेला ‘प्रत्यूष’ही याच जातीचा. अशा यंत्रात गणित कुठल्याही नोडवर चालो, फाइली सामाईक साठ्यातच असतात.

२०१९ मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने, म्हणजे एचपीईने, क्रे विकत घेतली. क्योतोच्या यंत्रणेची जबाबदारीही त्याबरोबर आली. साठ्याच्या बॅकअपची स्क्रिप्ट आता एचपीईची माणसे सांभाळत होती.

४ ते १३ डिसेंबर २०२१

दहा दिवस काहीही बिघडत नाही. बॅकअपची स्क्रिप्ट ठरल्या वेळी चालते. फाइलींची प्रत काढण्याबरोबर ती एक किरकोळ कामही करते: स्वतःच्या जुन्या लॉग फाइली, म्हणजे आपल्या कामाच्या नोंदी, शोधून पुसते. त्यासाठी ‘फाइंड’ ही आज्ञा वापरलेली आहे. अट अशी की लॉग १० दिवसांहून जुना असावा.

‘फाइंड’ दिवस मोजते ते २४ तासांच्या पूर्ण गठ्ठ्यांत. अपुरा गठ्ठा सोडून देते. त्यामुळे अशी अट घातली की प्रत्यक्षात ११ दिवस, म्हणजे २६४ तास पुरे झालेली फाइलच तिच्या हाती लागते. मोजणी होते फाइलीत शेवटचा बदल झाला त्या क्षणापासून. फाइल काल उघडून वाचली असेल, तर त्याने तिचे वय कमी होत नाही.

इथे जरा थांबले पाहिजे, कारण नुकसानीचे स्वरूप या एका अटीत दडलेले आहे. लॉगसाठी ११ दिवस खूप झाले. संशोधकाच्या फाइलीसाठी ११ दिवस म्हणजे काहीच नाही. महिनाभर चाललेल्या गणिताचे उत्तर एकदा लिहिले गेले की कुणी त्यात बदल करत नाही. मोजमापाची मूळ नोंद तर बदलायचीच नसते. लेख लिहून होईपर्यंत ती तशीच ठेवायची असते. सगळ्यात जास्त काळ न हललेली फाइल ही अनेकदा सगळ्यात मोलाची असते. लॉग झाडणाऱ्या आज्ञेला हे कळायचे कारण नव्हते. तिला लॉगपुरतेच नेमलेले होते.

दरम्यान एचपीईच्या बाजूला स्क्रिप्टची सुधारित आवृत्ती तयार आहे. कामात काही सुधारणा आहेत. शिवाय ‘फाइंड’ला पत्ता पुरवणाऱ्या व्हेरिएबलचे नाव बदलले आहे, पुढच्या माणसाला स्क्रिप्ट वाचायला सोपी जावी म्हणून. हेतू चांगला होता. बदल बरोबरही होता. नवी स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालली असती, तर कुणाचे काही गेले नसते.

मंगळवार, १४ डिसेंबर. १७:३२च्या आधी

जुनी स्क्रिप्ट चालू आहे. ती बॅशमध्ये आहे, आणि बॅश स्क्रिप्ट सबंध वाचून मग चालवत नाही. थोडी वाचतो, ती चालवतो, मग फाइलीत थांबल्या जागेवरून पुढची वाचतो. पोथी वाचणाऱ्याचे बोट मधल्या ओळीवर असताना खालची पोथीच बदलावी, आणि त्याने बोट न उचलता नव्या पोथीतली पुढची ओळ म्हणावी, तसे बॅशचे होते.

सुधारित स्क्रिप्ट जुनीवर लिहिली जाते.

या जागी तीन लहान निर्णय वेगळे होऊ शकले असते. ठरल्या वेळी चालणारी स्क्रिप्ट आधी थांबवता आली असती. एक आज्ञा पुरली असती. नवी फाइल जुनीवर न लिहिता शेजारी ठेवून नावांची अदलाबदल करता आली असती. मग चालू बॅशच्या हातात जुनीच फाइल शेवटपर्यंत राहिली असती. किंवा स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -यू’ची ती एक ओळ लिहिता आली असती.

पहिली गोष्ट झाली नाही, हे कंपनीने पुढे स्वतःच सांगितले. चालू स्क्रिप्ट बदलली तर काय होईल, याचा विचार अपुरा पडला.

१७:३२

बॅशने वरचा भाग जुन्या स्क्रिप्टमधून वाचलेला आहे. त्यात जुन्या नावाचे व्हेरिएबल ठरवलेले आहे. आता तो पुढचा भाग नव्या स्क्रिप्टमधून वाचतो. त्यात ‘फाइंड’पुढे नवे नाव आहे. ते या फेरीत कुणी ठरवलेलेच नाही.

बॅश त्या जागी रिकामे धरतो. लॉगच्या डिरेक्टरीत व्हायची पुसापुशी लार्ज० मध्ये सुरू होते.

अट तीच आहे. मोजणी आज्ञा सुरू झाल्या क्षणापासून मागे जाते, २६४ तास. ३ डिसेंबर, १७:३२.

१७:३३

एकूण आकडे पुढे जाहीर झाले. त्यांची सरासरी काढली तर एका मिनिटाला सुमारे १३,१०० फाइली. सेकंदाला २१९. पुढचे सगळे हिशेब याच सरासरीचे आहेत.

पुसणारी आज्ञा एका गटाच्या डिरेक्टरीतून दुसऱ्या गटाच्या डिरेक्टरीत शिरते. एरवी इथे ती अडली असती. फाइल पुसायची तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लिहिण्याचा हक्क लागतो, आणि एका गटाच्या माणसाला दुसऱ्या गटाच्या डिरेक्टरीवर तो नसतो. आकडे तपासले जातात, जुळले नाहीत की नकार येतो. संशोधकाने चुकून अशी आज्ञा दिली असती, तर त्याचे स्वतःचे गेले असते आणि शेजाऱ्याचे वाचले असते.

ही आज्ञा कुणा एका गटाच्या ओळखीने आलेली नाही. बॅकअपला सगळ्यांच्या वरची ओळख दिलेली असते, आणि झाडलोट त्याच स्क्रिप्टमध्ये असल्याने तिलाही तीच मिळते. वाचण्यासाठी दिलेला हक्क पुसण्यासाठीही चालतो. गट बदलतो तसा आकडा बदलतो, पण विचारणाऱ्याच्या आकड्यापुढे उत्तर प्रत्येक वेळी ‘हो’ असेच आहे.

१८:३२

एक तास. सुमारे ७ लाख ८७ हजार फाइली, १.८ टेराबाइट.

अशा साठ्यावर कचरापेटी नसते. पुसलेली फाइल कुठे जाऊन थांबत नाही. मालकाला निरोपही जात नाही. यंत्रणेच्या लेखी हे बिघाड नव्हे, काम चालू आहे. हक्क असलेल्याने आज्ञा दिली, साठ्याने पाळली.

मध्यरात्र, १४ संपून १५ डिसेंबर

६ तास २८ मिनिटे. सुमारे ५१ लाख फाइली, ११.५ टेराबाइट.

बुधवार, १५ डिसेंबर. ०७:००

क्योतोत सूर्य उगवतो. एक कोटीचा आकडा ओलांडला आहे. सुमारे २४ टेराबाइट.

आज ज्याने आपल्या फाइलीत भर घातली, त्याची फाइल सुखरूप आहे. जो चालू काम करतो आहे त्याला चालू काम दिसते. जुने काम उघडून पाहण्याची गरज ज्याला आज पडणार नाही, त्याला आज काही कळण्याचा मार्ग नाही.

१७:३२

२४ तास. सुमारे १ कोटी ८९ लाख फाइली, ४२.८ टेराबाइट. सीमारेषा जागची हललेली नाही. आज्ञा सुरू झाली तेव्हा जी ठरली तीच.

मध्यरात्र, १५ संपून १६ डिसेंबर

सुमारे २ कोटी ४० लाख. ५४ टेराबाइट.

गुरुवार, १६ डिसेंबर. ०९:००

३९ तास २८ मिनिटे. सुमारे ३ कोटी ११ लाख फाइली गेल्या आहेत. आणखी २९ लाख जायच्या आहेत.

१२:४३

पुसापुशीची नोंद इथे संपते. ४३ तास ११ मिनिटे.

डिसेंबरचे उरलेले दिवस

हिशेब लागतो. गेलेला डेटा सुमारे ७७ टेराबाइट. फाइली सुमारे ३ कोटी ४० लाख. झळ बसलेले गट १४. बॅकअपमधून १० गटांच्या फाइली परत आणता येण्यासारख्या आहेत. ४ गटांच्या नाहीत.

वर्ष संपण्याआधी विद्यापीठाने हे जाहीर केले, माफी मागितली आणि कंपनीचे निवेदनही लोकांपुढे ठेवले. कंपनीने दोष दुसऱ्या कुणावर ढकलला नाही. जबाबदारी शंभर टक्के आपली, असे तिने लिहून दिले, आणि चूक कशी झाली ते पायरीपायरीने सांगितले. व्हेरिएबलचे नाव का बदलले होते, हेही त्यात आहे. इतके स्पष्ट निवेदन या धंद्यात क्वचित वाचायला मिळते. वरचा घटनाक्रम मांडता आला तो त्यामुळेच. आपल्याकडच्या सरकारी आणि खासगी यंत्रणांनी अपघातानंतर काय आणि किती सांगावे, याचा हा नमुना आहे.

बॅकअपची प्रक्रिया थांबवण्यात आली. दोष काढून आणि पुन्हा असे होऊ नये याची तजवीज करून जानेवारी २०२२ च्या अखेरीस ती सुरू करायचे ठरले. तोवर बॅकअप म्हणजे साठ्याच्या ताज्या अवस्थेची आरशासारखी एक प्रत होती. पुढे बदलांच्या जुन्या प्रतीही काही काळ जपून ठेवायचे ठरले. आणि विद्यापीठाने वापरकर्त्यांना एक विनंती केली: यंत्राचा बिघाड किंवा आपत्ती धरून सगळ्याची हमी देता येत नाही, तेव्हा महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या यंत्रणेतही ठेवा.

या घटनेचे वर्णन बहुतेक ठिकाणी ‘बॅशची चूक’ किंवा ‘स्क्रिप्टमधली चूक’ असे झाले. तेवढ्याने भागत नाही. स्क्रिप्ट चुकतच राहणार. माणसे त्या लिहितात, घाईत बदलतात. चूक किती लांब पोहोचेल हे मात्र तिला दिलेल्या ओळखीवर ठरते. सगळ्यांच्या फाइली वाचायला वरची ओळख लागते, हे खरे. स्वतःच्या लॉगची डिरेक्टरी झाडायला ती लागत नाही. त्या कामासाठी एक वेगळा वापरकर्ता नेमून, लॉगच्या डिरेक्टरीखेरीज कुठेच हक्क नसलेला आकडा त्याला दिला असता, तर १७:३२ ला हेच रिकामे व्हेरिएबल आले असते, हीच आज्ञा लार्ज० मध्ये शिरली असती, आणि पहिल्याच गटाच्या दारात तिला नकार मिळाला असता.

तुमच्या संस्थेत, महाविद्यालयात किंवा कार्यालयात सामाईक साठा माउंट केलेला असेल, तर यंत्रव्यवस्थापकाला दोन गोष्टी विचारा. तुमच्या यंत्रावर आणि साठ्याच्या यंत्रावर तुमचा आकडा एकच आहे का? आणि रात्री चालणारी साफसफाई कोणत्या आकड्याने चालते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्य असेल, तर ते आजच बदलून घ्या.